लाईट तर लागते ना?

कान्ह्याचं आमचं घर ऐन पावसाळ्यात पुरं झालं. जुम्म्याला कुरआनखानी ठरली, तळेगावच्या खालांना आणि कामशेतच्या मामूंना फोन गेले. बुधवारी वायरमननं बांधकामाच्या तात्पुरत्या मीटरवर सगळे दिवे लावून दाखवले. पोरं टाळ्या वाजवत खोल्याखोल्यांतून फिरली. मग दादीसाठी गीझर लावला आणि अख्खं घर अंधारात. आरसीसीबी पडला होता. वर केला की दिवे लागत, गीझर लावला की पुन्हा पडे.

वायरमन म्हणाला, "ही वस्तू फार नाजूक असते. काढून टाकतो, सरळ जोडून देतो. लाईट तर लागते ना?" टेस्ट रिपोर्टवरचे आकडेही भरून देतो म्हणाला. पावसात चार घरं एकदम अंगावर घेतलेला माणूस, दुसरं काय म्हणणार! खरं सांगायचं तर आम्हीही मान डोलावणारच होतो. पाहुणे यायचे होते.

अब्बांनी तेवढं विचारलं, "फजरला पहिलं बटण कोण दाबतं?" दादी. वजू करून, ओल्या हातांनी, ओल्या फरशीवर उभं राहून. ३० मिलिअँपिअर गळती झाली की आरसीसीबी वीज तोडतो, तो अशाच हातांसाठी असतो. तो जागेवर राहिला. कुरआनखानी पुढे गेली. खाला आठवडाभर रुसल्या.

शेजारचे चाचा कारखान्यात मेन्टेनन्सला होते, परवानाधारक आहेत. ते आपला दांडा फिरवायचा मेगर घेऊन आले. (मेगर हे मुळात एका इंग्लिश कंपनीचं व्यापारी नाव, १९०३ सालचं. आता यंत्रच त्या नावानं ओळखलं जातं.) प्लंबर सगळे नळ बंद करून पाइपात दाब चढवतो आणि कुठे झिरपतं ते बघतो, तसंच हे. आपली वीज २३० व्होल्टची. मेगर वायरमध्ये ५०० व्होल्टचा दाब देतो आणि आवरणातून अर्थिंगकडे किती गळतंय ते मेगोहममध्ये सांगतो. आकडा मोठा तितकं आवरण चांगलं. एक मिनिट दाब दिल्यावर किमान १ मेगोहम हवं, अशी अट १९५६ च्या वीज नियमांत होती आणि केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या नियमांतही ती आहे. नव्या, कोरड्या घराच्या वायरिंगमध्ये आकडा याच्या कितीतरी वर असतो, म्हणून नव्या घरात १ आला तरी चाचा खूश होत नाहीत.

आमच्या घराचा आकडा आला शून्य.

चाचांनी घाई केली नाही. मेन बंद आहे, वीज खरंच गेली आहे, हे तपासून घेतलं. एलईडी दिवे, पंख्यांचे रेग्युलेटर, डोअरबेल, डीबीतलं सर्ज रोखणारं उपकरण, सगळं सोडवलं. ५०० व्होल्टनं ही नाजूक उपकरणं जळू शकतात आणि खोटा कमी आकडाही दाखवतात. बोर्डावरच्या छोट्या इंडिकेटरनंही फेज आणि न्यूट्रलमधलं माप फसतं. वायरमन मंडळी 'रीडिंग येत नाही' म्हणून हैराण होतात, त्यातले कित्येकदा दोषी हेच असतात.

मग न्यूट्रलच्या पट्टीवरून एकेक वायर सुटी केली. हे बहुतेक जण करत नाहीत. एमसीबी पाडले की फक्त फेज तुटते, न्यूट्रल सगळ्या घराची एकत्रच राहते, आणि दोष न्यूट्रलमध्ये असला तर सापडत नाही. शिवाय एकत्र माप नेहमी कमीच येतं. प्रत्येकी १० मेगोहमच्या दहा लाइनी एकत्र मोजल्या तर आकडा १ च दिसतो. म्हणून एकेक मोजायची.

गीझरची लाइन ५० च्या वर निघाली. आम्ही गीझरवाल्याला उगाच दोन दिवस बोल लावले होते! शून्य होती हॉलची लाइन. चाचांनी ती मधल्या बोर्डात तोडली, अर्धी मोजली, मग त्या अर्ध्याची अर्धी. तिसऱ्या खेपेला टीव्हीमागचा बोर्ड उघडला. प्लेटच्या स्क्रूखाली काळी न्यूट्रल चिरडून लोखंडी बॉक्सला टेकली होती, आणि बॉक्स अर्थिंगला जोडलेली. न्यूट्रल अर्थिंगला टेकली तरी दिवे छान लागतात. दुसऱ्या खोलीत गीझरसारखा मोठा भार चढला की परतीचा थोडा प्रवाह या चोरवाटेनं जातो आणि आरसीसीबीला गळती दिसते. पाच मिनिटांत वायर बदलली.

आमचं काम संपलं असं वाटलं, पण गच्चीच्या मोटारीची लाइन ०.३ दाखवत होती. या गळतीत वीज जाते जेमतेम पाऊण मिलिअँपिअर, त्यामुळे आरसीसीबी गप्पच राहिला असता. वायर ओढून काढली तर पाइपातून कपभर पाणी आलं. स्लॅब जूनच्या पावसात टाकला, पाइपांची तोंडं उघडीच होती. चाचा म्हणाले, धड वायर पाण्यात बुडाली तरी लगेच गळत नाही, नीट बघा. पाइपाच्या आत एक सांधा होता, नुसती टेप गुंडाळलेला. वायर तोकडी पडली म्हणून जोडून आत ढकललेली. पाइप पुसून वाळवला आणि सांधा नसलेली अखंड वायर ओढली.

राहिली मोरी आणि स्वयंपाकघराची लाइन, ०.८. तिथले बोर्ड ओल्या गिलाव्यात बसलेले, आत सिमेंटचा राडा. ते साफ केले, झाकणं उघडी ठेवली, पंखा लावला. दर दोन दिवसांनी मोजलं: १.५, मग ४, मग ११. आकडा असा चढत गेला तर ओल, अडून बसला तर वायरला जखम, ही चाचांची खूण. मावळात तरी ती लक्षात ठेवायला हवी. कान्हे फाट्यावरून टाकव्याच्या पुढे ठोकळवाडीचं धरण आहे, त्याच्या पाण्यावर १९२२ पासून भिवपुरीला वीज होते. इतकं पाणी पडतं इथे, ते भिंतींत शिरणारच.

ही मापं घरच्या घरी घेऊ नयेत, परवानाधारक माणसाकडूनच घ्यावीत. पण माप चालू असताना आपण शेजारी उभं राहावं आणि आकडे स्वतः लिहून घ्यावेत.

कुरआनखानी पंधरा दिवसांनी झाली. खाला आल्या, बिर्याणी कमी पडली. डीबीच्या दारावर आतून आकड्यांचा कागद चिकटवलाय. शेवटचा रकाना पाऊस संपल्यावर चाचा भरणार आहेत.