‘लाइन चालू आहे’ म्हणजे किती?

पावसाळ्यात आमच्या महाडच्या महाविद्यालयातले इंटरनेट मंदावले की मी फोन करून तक्रार करतो. पलीकडून ठरलेले उत्तर येते, ‘‘सर, लाइन चालू आहे.’’ ते खोटे नसते. पण तुम्ही प्रयोगवहीत तापमानाच्या रकान्यात ‘गरम आहे’ असे लिहिलेत, तर मी गुण देईन का? चालू आहे हे ठीक; किती चालू आहे, हे कोणी मोजले?

मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही हाच प्रश्न छळतो. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या प्रयोगशाळेतील प्रचंड कणत्वरकातून निघणारी माहिती सुमारे ४० देशांतील दीडशेहून अधिक संगणक-केंद्रांत वाटली जाते. त्यांपैकी एक केंद्र मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहे. ही माहिती टेराबाइटांनी, म्हणजे लक्षकोटी बाइटांनी मोजायची.

एवढी माहिती एकसंध जात नाही. तिचे साधारणपणे १,५०० बाइटांचे तुकडे करतात. त्यांना पॅकेट म्हणतात. पॅकेट मिळाले की पलीकडचा संगणक पोच पाठवतो. पोच आली नाही, तर पाठवणारा समजतो की वाट तुंबली आहे. तो आपला वेग एकदम निम्मा करतो आणि मग दर फेरीला थोडा थोडा वाढवत नेतो. आंबेनळी घाटात पुढे गाड्या खोळंबलेल्या दिसल्या की ड्रायव्हर हेच करतो.

आता खरी गंमत पाहा. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते जिनिव्हा सरळ अंतर सुमारे ६,७०० किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन निदान ६७ मिलिसेकंद. प्रत्यक्षात केबली वळसे घेत जातात, म्हणून आपण १५० धरू. शेजारच्या खोलीतल्या संगणकाशी हीच फेरी १ मिलिसेकंदात होते. समजा, वाटेत कुठेतरी दर १०,००० पॅकेटांत फक्त १ हरवते आहे. शेजारी माहिती पाठवताना वेग लगेच भरून निघतो, कुणाला पत्ताही लागत नाही. जिनिव्हाची फेरी मात्र १५० पट लांब, म्हणून भरपाईही तितकीच सावकाश! जुन्या रूढ पद्धतीने हिशेब केला, तर वेग सेकंदाला १० मेगाबिटांच्या आसपास अडकतो. सेकंदाला १ गिगाबिट नेणाऱ्या वाटेने सव्वादोन तासांत जाणारे १ टेराबाइट मग नऊ दिवस घेते. नव्या पद्धतींनी हा तोटा पुष्कळ कमी केला आहे, पण संपवलेला नाही.

आणि या सगळ्या काळात लाइन ‘चालू’च असते! अमेरिकेतील ईएसनेट या वैज्ञानिक जाळ्यात एका राउटरमधले बिघडू लागलेले कार्ड दर २२,००० पॅकेटांत १ गाळत होते. राउटरच्या स्वतःच्या नोंदींत त्याचा मागमूस नव्हता. दोष सापडला तो मुद्दाम चाचणीची पॅकेटे सोडून, पोचली किती आणि हरवली किती हे सतत मोजत राहिल्यामुळे. अशा मोजणीसाठी ‘पर्फसोनार’ नावाची प्रणाली आज जगभर वापरतात. सर्नच्या जाळ्यातील केंद्रांमध्येही ती असते.

आपल्याकडे मात्र जाळे मंद झाले की आधी जाड लाइन घेण्याचा प्रस्ताव निघतो. मला हे उलटे वाटते. गळका पाइप तसाच ठेवून टाकी मोठी करण्यातला हा प्रकार. चाचणीनेच लाइन अडेल, असा आक्षेप काही जण घेतात. पण हरवलेली पॅकेटे मोजायला सेकंदाला काही थोडी छोटी पॅकेटे पुरतात. वेगाची भारी चाचणी दिवसातून चार-सहा वेळा केली तरी भागते.

महाडच्या माणसाने यात एवढे का गुंतावे? सांगतो. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि पोलादपूरवरून आमच्याकडे येते. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला आणि महाड पाण्यात गेले. वीज गेली, मोबाइल मुके झाले. वरच्या पावसाचा आकडा खाली वेळेवर येणे, ही आमच्याकडे जिवाची गोष्ट आहे. स्वयंचलित पर्जन्यमापकाचा निरोप काही बाइटांचाच असतो. त्याला जाड लाइन लागत नाही. त्याला लागते न तुटणारी वाट, आणि तुटली तर ते ताबडतोब कळण्याची सोय. कारण न आलेला आकडा आणि शून्य पाऊस हे पडद्यावर फार सारखे दिसू शकतात. म्हणून माझे म्हणणे असे, की प्रत्येक पर्जन्यमापकाची वाटही ऐन उन्हाळ्यापासून ठरावीक वेळाने तपासावी आणि त्या नोंदी पावसाच्या आकड्यांशेजारी सर्वांना दिसतील अशा ठेवाव्यात.

आमच्या प्रयोगशाळेत दोन विद्यार्थ्यांनी गेल्या जूनपासून एक वही घातली आहे. दर तासाला दूरच्या एका संगणकाकडे शंभर पॅकेटे पाठवायची. किती परतली आणि फेरीला किती वेळ लागला, ते लिहायचे. काहीच परतले नाही, तर पहिल्या आठवड्यात ते वेळेच्या रकान्यात शून्य लिहीत. मी ते खोडायला लावले. आता तिथे आडवी रेघ मारतात. जुलैच्या एका पानावर अशा सलग अकरा रेघा आहेत. त्या दिवशीही मी फोन केला होता. लाइन चालू होती.