काळ्या रानाचं निसर्गचित्र

मराठवाड्यातल्या एखाद्या विभागीय चित्रप्रदर्शनात निसर्गचित्रांच्या भिंतीसमोर उभं राहा. प्रदर्शन संभाजीनगरला आहे की रत्नागिरीला, असा प्रश्न पडतो. माडांच्या रांगा, कौलारू घरं, धुक्यातला घाट, फार तर बनारसच्या पायऱ्या. खाली चित्रकाराचा पत्ता वाचावा, तर तो जालना जिल्ह्यातल्या अंबड नाहीतर परतूर तालुक्यातला.

अंबड तालुक्यातल्या वडीगोद्रीच्या पोरानं रंगपेटी उघडली तर त्याच्यापुढे काय असतं? सोलापूर-धुळे महामार्ग, जायकवाडीचा डावा कालवा, पलीकडे शहागडला गोदावरी. कपाशी, ऊस, मोसंबी आणि बांधावरची बाभळ. हे सगळं सोडून तो कधी न पाहिलेला समुद्र रंगवतो. दोष त्याचा नाही. ‘निसर्ग’ म्हणजे हिरवं आणि ओलं, हे त्याला कॅलेंडरांनी शिकवलं, आणि बक्षिसांनीही.

याला इतिहासही आहे. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857चं. उघड्यावर बसून जलरंगात निसर्ग टिपायची रीत तिथून पसरली आणि कोल्हापुरात चांगलीच रुजली. चित्रकार आबालाल रहिमान जे. जे.त शिकून कोल्हापूरला परतले ते कायमचेच. कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा काठ हेच त्यांनी 1931 साली मरेपर्यंत पुन्हापुन्हा रंगवलं. त्यामुळे कोल्हापूरकराला आपला तलाव चित्रात कसा दिसतो ते ठाऊक आहे. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. संभाजीनगरचं शासकीय कला महाविद्यालय निघालं 1971 साली, म्हणजे जे. जे.नंतर 114 वर्षांनी. मधल्या काळात आमच्या रानाकडे चित्रकाराच्या नजरेनं कोण बघणार होतं?

आणि गंमत बघा, याच मातीत अजिंठा आहे. तिथल्या भिंतींवरचा पिवळा आणि तांबडा गेरू, हिरवी माती, चुन्याचा पांढरा, काजळीचा काळा हे सगळे साधे रंग. निळा तेवढा अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्दाचा. दोन क्रमांकाच्या लेण्यातली हंसांची रांग किंवा छतांवरची कमळं आणि फळं बघताना हा कोरडा मुलूख आहे, चित्राला काय मिळणार, असं कुणाच्या मनातही येत नाही.

रान रंगवणं सोपं आहे, असं मी म्हणत नाही. जलरंगाच्या तंत्राला ओली हवा मानवते. कागद ओला असतानाच एक रंग दुसऱ्यात मुरू द्यायचा असतो. एप्रिलमध्ये अंबडच्या उन्हात वॉश टाकला तर ब्रश कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक वाळून कडा धरते. काळी जमीन तर भल्याभल्यांना दगा देते. ट्यूबमधला काळा सरळ लावला की शेत डांबर सांडल्यासारखं दिसतं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून काळा तयार करावा लागतो, आणि तोही नांगरटीचा वेगळा, पहिल्या पावसानंतरचा वेगळा, वापशाचा आणखी वेगळा. ज्याला हे साधलं त्याला माडांची गरज उरत नाही. परीक्षकांनी गुण द्यायचे तर याला द्यावेत.

शिवाय आमचा निसर्ग दर वर्षी गोड दिसतोच असं नाही. 2012-13च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. वर्षानुवर्षं वाढवलेली झाडं लोकांनी स्वतः तोडली, सरपणाला घातली. त्याच मोसंबीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. वाळलेल्या बागेचं चित्र निसर्गचित्रात बसतं की नाही? माझ्या मते तेच आधी बसतं. पण असं चित्र प्रदर्शनात लावायला जिगर लागते, कारण ते विकलं जाणार नाही हे चित्रकाराला आधीच माहीत असतं. फ्रेम त्याच्या खर्चाची, काच त्याच्या जोखमीची, आणि एसटीच्या मागच्या सीटवर चित्र मांडीवर धरून न्यायचं तेही त्यानंच. मग तो धबधबा काढतो. पोटाचा हिशेब आहे, नावं कशाला ठेवायची?

नावं ठेवायचीच तर आपल्याला, म्हणजे गिऱ्हाइकांना ठेवावीत. बाजार समिती, साखर कारखाना, पतसंस्था, झेडपीचं विश्रामगृह, कुठंही जा. साहेबांच्या खुर्चीमागे बर्फाचा डोंगर आणि त्याखाली निळं तळं असतं. मोसंबीचे सौदे होतात त्या जागी मोसंबीचं एकही चित्र नाही! सत्काराच्या शाली-नारळावर जो पैसा जातो, त्यातला थोडा वळवला तरी या कार्यालयांना प्रदर्शनातून वर्षाला एक तरी चित्र विकत घेता येईल. अट एकच ठेवावी, चित्र जिल्ह्यातल्या रानाचं हवं. पुढच्या वर्षी प्रदर्शनाच्या प्रवेशिकांत माड किती उरतात ते मग मोजू.