खिडकी बदलताना सुटकेची वाट विसरू नये

घराच्या दाराची चौकट बसवताना आपण मुहूर्त पाहतो, हळदकुंकू वाहतो, आंब्याचे तोरण बांधतो. खिडकीच्या वाट्याला हा मान येत नाही. ती बसते ती मिस्त्रीच्या सोयीने आणि बदलली जाते ती पडद्याच्या रंगासोबत. घरावर अग्नीचे संकट आले आणि दाराची वाट धुराने अडली, तर मात्र उरलेला आधार या खिडकीचाच असतो. म्हणूनच घराचे नूतनीकरण करू इच्छिणाऱ्या वाचकांसमोर हा विषय मांडावासा वाटला.

बदलीच्या निमित्ताने काही वर्षांपूर्वी आमचे बिऱ्हाड चेन्नईच्या अण्णा नगरात आले. रुंद, सरळ रस्त्यांची आणि झाडांच्या सावलीची ही वसाहत. येथील उद्यानात १९६८ च्या जागतिक व्यापार प्रदर्शनासाठी उभारलेला विश्वेश्वरय्या मनोरा आहे. वरून उडी घेण्याच्या दुर्दैवी घटनांमुळे तो अनेक वर्षे बंद होता. सज्ज्यांना जाळ्या बसवून २०२३ मध्ये तो पुन्हा खुला झाला. जाळी कोठे हवी याचे हे योग्य उदाहरण. परंतु परिसरातील घरांकडे पाहिले, की जाळी कोठे आणि कशी नको, याचीही उदाहरणे पावलोपावली आढळतात.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरील घराच्या लाकडी खिडक्या ईशान्य मोसमी पावसात फुगत आणि अग्निनक्षत्राच्या उन्हात तडकत. शेवटी त्या बदलून यूपीव्हीसीच्या सरकत्या खिडक्या, आत डासांची जाळी आणि बाहेर पक्के लोखंडी ग्रिल असा बेत ठरला. कारागिराने नमुना आणला. शेजारच्या मामींनीही तो पसंत केला. सारे ठरले असताना आईने विचारले, "हे ग्रिल आतून उघडायचं कसं?" कारागीर हसून म्हणाला, "अम्मा, उघडलं तर चोर येईल." त्यावर आई शांतपणे म्हणाली, "चोर येईल तेव्हा येईल. मला जिना उतरायला पाच मिनिटं लागतात. त्या आधी धूर आला तर?"

त्या प्रश्नाला आमच्यापैकी कोणापाशीच उत्तर नव्हते. ग्रिलचे काम आठवडाभर थांबले आणि त्या आठवड्यात या विषयाचा थोडाफार अभ्यास घडला.

घराला लागलेल्या आगीत ज्वाळेपेक्षा धूरच अधिक घातक ठरतो. गादीचा फोम, प्लास्टिक, वायरींची वेष्टणे जळताना निघणारा विषारी वायू झोपलेल्या माणसाला जागे होण्याची संधीही देत नाही. कोलकात्याच्या ढाकुरिया भागातील रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ रोजी लागलेल्या आगीत नव्वदच्या आसपास माणसे गेली. त्यांतील बहुतेक गुदमरून गेली. तळघरातील धूर वरच्या मजल्यांवर चढला आणि काचांनी बंदिस्त केलेल्या इमारतीतून त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. याच तमिळनाडूत १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणम् येथील शाळेच्या आगीत ९४ बालके मृत्युमुखी पडली. हैदराबादला चारमिनारजवळच्या गुलजार हौज येथे १८ मे २०२५ रोजी एकाच कुटुंबातील १७ जण गेले. त्या घरात जाण्यायेण्याची वाट एकच आणि तीही अरुंद होती. तिन्ही ठिकाणी आगीची कारणे निरनिराळी होती. आतल्या माणसांना वेळेत बाहेर पडता आले नाही, हे दुःख मात्र तिन्हीकडे सारखेच.

कायदा काय सांगतो? राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीतील चौथा भाग अग्निसुरक्षेला व जीवसुरक्षेला वाहिलेला आहे. त्याचा भर जिने, दारे, मार्गिका आणि उंच इमारतींतील आश्रयस्थाने यांवर आहे. घरगुती खिडकीकडे आपले नियम प्रामुख्याने उजेड आणि वारा यांच्या दृष्टीने पाहतात. अमेरिकेतील निवासी बांधकामाची नमुना संहिता याहून एक पाऊल पुढे जाते. तेथे शयनगृहाला सुटकेसाठी खिडकी किंवा बाहेर उघडणारे दार असावे लागते. सर्वसाधारणपणे खिडकीतील मोकळी जागा किमान ५.७ चौरस फूट, रुंदी किमान २० इंच, उंची किमान २४ इंच आणि तिची खालची कड जमिनीपासून ४४ इंचांच्या आत, असे तिचे मोजमाप आहे. गज लावलेच, तर ते आतून किल्लीविना व हत्याराविना उघडता आले पाहिजेत, अशीही अट आहे.

यावर कोणी म्हणेल, की आपल्या जुन्या वाड्यांनाही गजांच्याच खिडक्या होत्या. आक्षेप खरा आहे. पण त्या वाड्यांना चौक होता, परसदार होते, कौलांतून धूर जाण्याजोग्या फटी होत्या. आजच्या सदनिकेला बहुधा एकच दार असते. वातानुकूलनासाठी खिडक्या घट्ट मिटलेल्या असतात. जुन्या घराचा गज आपण उचलला. त्याच्या सोबतीचे परसदार मागेच राहिले.

दुसरा आक्षेप असा, की तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून सुटका ती कसली? उडी मारणे हा उपाय नव्हेच. पहिली वाट नेहमी जिन्याचीच. परंतु जिना धुराने भरला असेल, तर खोलीचे दार लावून घेणे, त्याच्या फटीत ओली चादर कोंबणे आणि खिडकीशी थांबून मदत मागणे, एवढेच हाती उरते. अशा वेळी खिडकी उघडली तर श्वास मिळतो, हाक बाहेर पोहोचते आणि अग्निशामक दलाच्या जवानाची शिडी जेथे पोहोचते तेथून माणूस बाहेर काढता येतो. पक्के ग्रिल असेल, तर जवानाला आधी लोखंड कापावे लागते. ती मिनिटे मोलाची असतात.

म्हणून चोर, माकडे आणि लहान मुले यांच्यासाठी ग्रिल अवश्य असावे. मात्र प्रत्येक शयनगृहातील किमान एका खिडकीच्या ग्रिलला बिजागरीची झडप असावी. तिची कडी आतून, बाहेरच्या हाताला न लागेल अशा जागी असावी. घरात लहान मुले असल्यास कडी उंचावर बसवावी. कुलूपच हवे असेल, तर त्याची किल्ली त्याच खोलीत, घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला अंधारातही सापडेल अशा ठरावीक खिळ्यावर असावी. सरकत्या खिडकीचा निम्माच भाग उघडतो, हे लक्षात घेऊन शक्य तेथे बाहेर उघडणारी झडपेची खिडकी घ्यावी. काच निवडतानाही विचार हवा. दोन थरांची लॅमिनेटेड काच चोराला अडवते, तशीच ती संकटकाळी फोडणाऱ्यालाही अडवते. आणि झडप बसवल्यावर महिन्यातून एकदा ती उघडून पाहावी, कारण चेन्नई-मुंबईच्या खाऱ्या हवेत बिजागरी गंजायला वेळ लागत नाही.

येथे बँकेच्या ग्राहकांना आणि सहकाऱ्यांनाही एक सुचवावेसे वाटते. घराच्या दुरुस्तीसाठी कर्ज घेताना ग्राहक कारागिराचे अंदाजपत्रक सादर करतो. आपण त्यातील दर पाहतो, चौरस फूट पाहतो. 'ग्रिल आतून उघडणारे' हे शब्द त्यात आहेत काय, हेही ग्राहकाने लिहून घ्यावे आणि शाखेतील अधिकाऱ्याने सहज म्हणून विचारावे. नियमाची सक्ती नसली, तरी विचारण्याला कोणाची आडकाठी नाही. एप्रिल २०२१ पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित विमा पॉलिसी उपलब्ध आहे. तिच्यासारखा विमा प्रत्येकाने घ्यावाच. विम्याने जळलेल्या घराची भरपाई होते. घरातल्या माणसाची भरपाई करणारी पॉलिसी अद्याप कोणी लिहिलेली नाही.

आमच्या घरी अखेर आईच्या खोलीचे ग्रिल झडपेचे झाले. कारागिराने त्याचे थोडे जादा पैसे घेतले आणि जाताना आपल्या घरीही तसेच करणार असल्याचे सांगितले. दरवर्षी १४ एप्रिलला, १९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटात प्राण वेचलेल्या अग्निशामक जवानांच्या स्मरणार्थ, देशभर अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो. त्या दिवशी आई स्वतः कडी काढून झडप उघडते आणि पुन्हा लावते. वाचकांनीही आज घरी गेल्यावर आपल्या शयनगृहाच्या खिडकीसमोर क्षणभर उभे राहावे आणि आईने विचारलेला तो साधा प्रश्न स्वतःला विचारावा.