आधी पऱ्हे, मग रोवणी



रोवणीचे धान घ्यायचे तर आपण बी थेट बांधीत टाकत नाही. हेक्टरभर रोवणीसाठी दहा आर जागेत पऱ्हे टाकतो, पाणी-खत सांभाळतो, राखण करतो आणि तीनेक आठवड्यांनी रोवणी करतो. लहान रोप लहान जागेत जपले की मोठ्या बांधीत तगते. हीच रीत लहान धंद्याला लावली की त्याला इन्क्युबेशन सेंटर, म्हणजे उद्योगाचे उबवणी केंद्र म्हणतात.

या नावाची गोष्ट शेतीशीच जोडलेली आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात बटाव्हिया नावाचे गाव आहे. तिथला मॅसी-हॅरिस या शेती यंत्रांच्या कंपनीचा कारखाना १९५० च्या दशकात बंद पडला आणि गावात बेकारी आली. मॅन्क्युसो कुटुंबाने ती इमारत घेतली. सगळी जागा घेणारा एक मोठा कारखानदार मिळेना. तेव्हा जोसेफ मॅन्क्युसो यांनी १९५९ साली ती लहान धंद्यांना थोडी थोडी भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि सल्ला व भांडवल मिळवायलाही मदत केली. भाडेकऱ्यांत कोंबडीची पिल्ले उबवणारी एक कंपनी होती. त्यावरून ‘इन्क्युबेटर’ हे नाव पडले.

आपल्याला याचे काय? भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेला. घरोघर स्टील आले आणि तो धंदा आकसला. कारागिराचा हात कमी पडला नव्हता, गिऱ्हाईक बदलले होते. धानाचेही तसेच आहे. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन आहे. पण शहरातले गिऱ्हाईक निवडलेला तांदूळ आणि लेबल लावलेली पिशवी मागते. कट्टे भरून धान विकणाऱ्याला त्या नावाचा भाव मिळणे कठीण.

इथेच पुष्कळांचा पाय घसरतो. कर्ज काढून मशीन आणतात, शेड बांधतात आणि मग गिऱ्हाईक शोधायला निघतात. मशीन बंद राहिली तरी बँकेचा हप्ता थांबत नाही. तो शेवटी धानाच्या पैशातूनच जातो.

केंद्र सरकारने २०२० साली सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांसाठी ‘पीएमएफएमई’ योजना आणली. तिच्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, कर्जाशी जोडलेले अनुदान ठेवले. बचत गटाच्या सभासदाला ४० हजार रुपयांपर्यंत बीज भांडवल, प्रशिक्षण आणि सामाईक इन्क्युबेशन केंद्रेही ठेवली. लोकांच्या ध्यानात राहिले ते अनुदान. पण ते रोख हातात पडत नाही. ते बँकेत राहते आणि तीन वर्षांनी कर्जखाते सुरळीत व उद्योग चालू असेल, तरच कर्जात वळते होते. धंदा तगला तरच अनुदान आपले. म्हणून मोलाचे ते केंद्र. तिथली यंत्रे भाड्याने घेऊन लहान उद्योगाने आपला माल करून पाहावा, हाच त्याचा हेतू.

समजा, बचत गटाने दोन कट्टे चिन्नोरपासून सुरुवात केली. तांदूळ किती निघाला, कणी किती, भाडे व पिशवी धरून किलोमागे काय पडले, हे वहीत लिहावे. अन्न सुरक्षा नोंदणी करून पिशव्या विकाव्या. तीच घरे पुन्हा मागायला आली तर मशीनचा विचार करावा. नाही आली, तर तोटा दोन कट्ट्यांचा, बांधी शाबूत.

मात्र केंद्र गिऱ्हाईक आणून देत नाही. पऱ्हे कितीही जोमदार असले तरी बांधीत चिखल आपल्यालाच करावा लागतो.

योजनेच्या अटी आणि मुदत बदलत असतात. आज काय चालू आहे, जवळचे केंद्र कोणते, हे तालुका कृषी अधिकारी कार्यालयात किंवा साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. जाताना गटातल्या ताईंना सोबत न्या आणि हिशेबाची वही घ्या. मशीनचे कोटेशन नंतर.