विश्लेषण : कृष्णविवराचा झोत ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ने कसा ओळखला?

कृष्णविवर सगळं गिळतं, मग त्याच्याकडून झोत बाहेर कसा येतो? अशी बातमी डेस्कवर आली की आमचं हेडिंग ठरलेलं: ‘अंतराळातलं रहस्य उलगडलं!’ नेमकं काय उलगडलं, ते आत सापडत नाही. म्हणून हा खटाटोप.

हंस तारकासमूहात सुमारे ७,२०० प्रकाशवर्षांवर ‘सिग्नस एक्स-१’ आहे. सूर्याच्या सुमारे २१ पट वस्तुमानाचं कृष्णविवर आणि त्याचा जोडीदार, एक प्रचंड निळा तारा. ताऱ्याचा वायू कृष्णविवराभोवती चकतीसारखा फिरतो, तापतो आणि क्ष-किरण सोडतो. त्यातला थोडा आत पडण्याआधीच दोन्ही बाजूंना फेकला जातो. म्हणजे झोत विवराच्या पोटातून येत नाही, तो उंबरठ्याबाहेरूनच निघतो.

अडचण अशी, की क्ष-किरणांत हे सगळं एकाच ठिपक्यात येतं. मग चकतीजवळचे किरण कुठले आणि झोताचे कुठले? इथे ध्रुवीकरण कामी येतं. कापसाच्या ढिगात तंतू कसेही पडलेले असतात. आमच्या भिवंडीत यंत्रमागावर ताण्याचे धागे मात्र एका दिशेत. प्रकाशलहरींची कंपनं अशी एका दिशेकडे झुकली, की प्रकाश ध्रुवीकृत झाला म्हणायचं. झोतातलं चुंबकीय क्षेत्र शिस्तीत असेल, तर तिथल्या किरणांत हे जास्त दिसतं.

२८ सप्टेंबर २०१५ ला सुटलेल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’वर ‘सीझेडटीआय’ हे उपकरण आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने ते तयार झालं, पुण्याची ‘आयुका’ही त्यात आहे. त्यात १६,३८४ पिक्सेल आहेत. एका पिक्सेलवर आदळलेला फोटॉन उडून शेजारच्या पिक्सेलमध्ये जातो. कोणत्या दिशेला जास्त उडाले, हे मोजायचं. बस्स, एवढीच युक्ती!

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, १०० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरच्या किरणांत सुमारे २३ टक्के ध्रुवीकरण आढळलं, तेही या जोडीच्या एका विशिष्ट मधल्या अवस्थेतच. इतर वेळी तसं ठळक काही नाही. म्हणून हे किरण झोताचे असावेत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. झोताचा फोटो काढलेला नाही, हे लक्षात ठेवा.

आता माझं मत. आमच्या बॅचमध्ये निम्म्या मुलांनी फायनल इयर प्रोजेक्ट विकत आणलं होतं. रिपोर्टला सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग, आतलं कुणीच वाचलं नव्हतं. त्याच वेळी सरकारी पैशातून गोळा झालेला खरा डेटा ‘इस्रो’च्या संग्रहात पडून असतो, नोंदणी केली की फुकट मिळतो. थोडं पायथन आणि साधा लॅपटॉप असला, तर एखाद्या कृष्णविवराचा क्ष-किरण आलेख काढता येतो. प्राध्यापकांनी हे विषयांच्या यादीत का टाकू नये?

फक्त फायली जड असतात. मोबाइल डेटावर डाउनलोडला लावू नका.