स्वतःला खूश करणारी गाणी

१९९४ साली एका गायिकेचे एका वर्षात चार अल्बम आले. त्यातल्या एका अल्बममधलं गाणं इतकं गाजलं की आजही चिनी लग्नांत वाजतं. त्या गाण्याचं नाव मराठीत सांगायचं तर, 'माझी तयारी आहे'. प्रेमापायी काय वाटेल ते सोडायची तयारी. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिचा जो चौथा अल्बम आला, त्याचं नाव होतं, 'स्वतःला खूश करणं'!

ही गायिका म्हणजे हाँगकाँगची फे वाँग. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी बहुतेकींनी हे नाव ऐकलेलं नसेल. पण तिच्या गाण्यांचा प्रवास वाचताना मला सारखं वाटत राहिलं, की हे आपल्या पानावर यायला हवं. एखादी बाई वीस वर्षं एकाच पद्धतीने छान काम करत असते. मग एक दिवस ती वेगळं काही करायला लागते आणि लगेच आजूबाजूचे म्हणतात, "पूर्वी किती छान करायची हो, आता काय झालंय हिला कुणास ठाऊक!" भजनी मंडळापासून रांगोळीपर्यंत हे वाक्य मी ऐकलंय. फे वाँगनं ते हजारो लोकांकडून ऐकलं आणि तरी ती पुढे गेली.

फे मूळची हाँगकाँगची नव्हेच. जन्म १९६९ चा, बीजिंगमधला. वडील खाणीतले इंजिनिअर, आई गायिका, तीसुद्धा क्रांतिगीतं गाणारी. गाणं हे करिअर होऊ शकत नाही, असं त्या गाणाऱ्या आईचंच मत! पोरीनं मात्र शाळेत असतानाच तेरेसा तेंगची गाणी गाऊन कॅसेट काढल्या होत्या. तेरेसा तेंग म्हणजे तैवानची अतिशय गोड गळ्याची गायिका. साऱ्या चिनी जगात तिला आपल्याकडच्या लताबाईंसारखं प्रेम मिळालं.

१९८७ मध्ये फे हाँगकाँगला आली. त्या वेळी हाँगकाँग ब्रिटिशांच्या ताब्यात होतं, श्रीमंत होतं, झगमगीत होतं. मुख्य चीनमधून आलेला माणूस म्हणजे गावंढळ, असा तिथे सरसकट समज. तालुक्याच्या गावातून पुण्या-मुंबईला गेलेल्या मुलींना हे वेगळं समजावून सांगायला नको. त्यात भाषा वेगळी. बीजिंगची मँडरिन, हाँगकाँगची कॅन्टोनीज. लिपी सारखी असली, तरी बोलणं एकमेकांना कळत नाही इतकं निराळं.

१९८९ मध्ये सिनेपॉली या कंपनीनं तिचा पहिला अल्बम काढला आणि पहिलं काय केलं असेल, तर तिचं नाव बदललं. वाँग फे हे नाव बीजिंगचं वाटतं, म्हणून ती झाली वाँग जिंग-मन. इंग्रजीत शर्ली. हे वाचलं आणि मला आमच्या बचत गटाचं रजिस्टर आठवलं. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं जातं. तेव्हा सगळे हसतात, उखाणे होतात. पुढे पासबुकावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. मग ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे सिद्ध करायला तिनं तहसीलच्या खेपा घालायच्या! फेच्या बाबतीत नवरा नव्हता, कंपनी होती, एवढाच काय तो फरक.

पहिल्या दोन-तीन अल्बममध्ये तिनं कंपनी सांगेल ते गायलं. हाँगकाँगच्या गाण्यांची एक गंमत इथे सांगायला हवी. कॅन्टोनीजमध्ये एकच अक्षर वेगळ्या सुरात उच्चारलं की अर्थ बदलतो आणि असे सहा सूर मानतात. त्यामुळे तिथे बहुतेक वेळा आधी चाल असते. मग गीतकार त्या चालीच्या चढउतारात नेमका बसेल असा शब्द शोधून शोधून भरतो. तो बसला नाही तर प्रेमाच्या गाण्यात भलताच शब्द ऐकू यायचा! चाल आधी ठरलेली असल्यामुळे जपानी, अमेरिकन चाली आणून त्यावर कॅन्टोनीज शब्द चढवणं तिथे सर्रास चालायचं. आपल्याकडे नाही का, सिनेमाच्या चालीवर नवरात्रातली गाणी बांधतात? तसंच, फक्त मोठ्या पैशांचं. फेनं अशी उसन्या चालींची गाणी बरीच गायली. ती वाईट नाहीत. पण त्यात तिला शोधायला गेलात तर ती सापडत नाही.

१९९१ मध्ये ती हे सगळं सोडून न्यूयॉर्कला निघून गेली. शिकायला, फिरायला, थोडं एकटं राहायला. इथे मला एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे. अशा गोष्टी वाचून "तुम्हीही उठा आणि निघा" असं लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. हाताशी पैसा होता, पाठीशी घर होतं, म्हणून ती जाऊ शकली. दोन लेकरं आणि सासूची औषधं सांभाळणारी बाई कुठे जाणार न्यूयॉर्कला? तिला दुपारचे दोन तास मोकळे मिळाले तरी पुष्कळ. पण फे तिथून परत आली ती कशी आली, हे पाहण्यासारखं आहे.

१९९२ च्या अल्बमचं नाव होतं 'घरी परतताना'. त्यातलं एक गाणं तुफान गाजलं. 'सहज दुखावली जाणारी बाई' असा त्याच्या नावाचा अर्थ. चाल पुन्हा उसनीच, जपानच्या मियुकी नाकाजिमा यांची. पण आवाज आता तिचा होता. वरच्या सुरात जाताना ती जोर लावत नाही, उलट आवाज सैल सोडते, आणि तो हवेतच तरंगत राहतो. ती रातोरात मोठी स्टार झाली. आता विचार करा, पुढे काय व्हायला हवं होतं? दरवर्षी एक रडणारी, दुखावलेली बाई गायची आणि आयुष्यभर खायचं! बाजाराला तेच हवं होतं. रडणाऱ्या बाईचं गाणं कुठल्याही देशात खपतं.

फेनं तसं केलं नाही. १९९३ च्या 'पश्चात्ताप नाही' अशा अर्थाच्या गाण्याचे मँडरिन शब्द तिनं स्वतः लिहिले. त्याच वर्षी अमेरिकेच्या टोरी एमॉसचं एक गाणं निवडून ते कॅन्टोनीजमध्ये गायलं. पुढच्या वर्षी स्कॉटलंडच्या कॉक्टो ट्विन्स या बँडच्या चाली घेतल्या. धुकं पसरावं तसं त्यांचं संगीत, शब्द नीट ऐकूही येत नाहीत. चाली अजूनही दुसऱ्यांच्याच होत्या, पण आता त्या कंपनीच्या नाही, तिच्या पसंतीच्या होत्या. आणि त्या वर्षी तिनं शर्ली, जिंग-मन वगैरे सगळं उतरवून ठेवलं. अल्बमवर पुन्हा नाव आलं, वाँग फे.

वर सांगितलेले १९९४ चे चार अल्बम याच काळातले. दोन कॅन्टोनीज, दोन मँडरिन. मँडरिनचे दोन्ही मुख्यतः तैवानच्या मोठ्या बाजारासाठी, सहज गुणगुणता येतील अशा गाण्यांचे. 'माझी तयारी आहे' त्यातलंच. कॅन्टोनीजमध्ये मात्र तिनं हवे ते प्रयोग करून घेतले. मला तिची ही हुशारी फार आवडली. भांडण नाही, आदळआपट नाही. घरच्यांच्या आवडीची भाजी एका गॅसवर आणि आपल्या मनासारखं दुसऱ्या गॅसवर. अनेक बायकांनी आपली शिवणकामं, क्लास, लिखाण असंच तर वाढवलंय! आणि याचा प्रेक्षकांवर काय परिणाम झाला? त्या वर्षाच्या अखेरीला हाँगकाँग कोलिझियममध्ये तिचे लागोपाठ अठरा कार्यक्रम झाले. साडेबारा हजार माणसं मावणारं ते सभागृह.

याच वर्षीचा 'चुंगकिंग एक्सप्रेस' हा वाँग कार-वाय यांचा सिनेमा. त्यात ती खाण्याच्या छोट्या दुकानात काम करणारी आखूड केसांची मुलगी आहे. एका पोलिसाच्या घराची किल्ली हाती लागते आणि ती त्याला न कळता त्याचं घर आवरायला जाते! त्यात तिनंच गायलेलं, क्रॅनबेरीज या आयरिश बँडच्या गाण्याचं कॅन्टोनीज रूप आहे. फेची ओळख करून घ्यायची असेल तर इथून सुरुवात करा. माझ्या मुलीनं मला तिथूनच करून दिली.

वर्तमानपत्रांना मात्र ती कधी आवडली नाही. कार्यक्रमात गाण्यांच्या मध्ये बोलत नाही, हसून पाहत नाही, "तुम्ही माझे मायबाप" म्हणत नाही. म्हणजे शिष्ट! गाणारा पुरुष कमी बोलला तर तो मनस्वी, बाई कमी बोलली तर शिष्ट, हे गणित हाँगकाँगलाही तसंच आहे. तेव्हा तिचं बीजिंगमधल्या दोउ वेइ या रॉक गायकावर प्रेम होतं. त्याच्या जुन्या गल्लीतल्या घरात संडास नव्हता. सकाळी भांडं घेऊन सार्वजनिक संडासाकडे जाताना कुणीतरी तिचा फोटो काढला आणि हाँगकाँगभर तो छापून आला. एवढी मोठी स्टार, आणि हे काम? लोकांना धक्का बसला. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही.

१९९५ च्या मे महिन्यात तेरेसा तेंग गेली, दम्याच्या झटक्यानं, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी. त्याच वर्षी फेनं तेरेसाच्या गाण्यांचा अल्बम काढला. कधीकाळी चीनमध्ये अशा हळव्या गाण्यांना 'नासवणारं संगीत' म्हणून नावं ठेवली जायची. तेच शब्द घेऊन, त्यात आपलं नाव कोटीसारखं गुंफून तिनं अल्बमचं शीर्षक केलं. शाळेत असताना हीच गाणी ती तेरेसासारखी गायची. आता ती फेसारखी गायली. दहा वर्षांत गळा नाही, गाण्यामागचं माणूस बदललं होतं. मला विचाराल तर तिचं वाढणं कळायला ही एक तुलना पुरेशी आहे.

आणि मग १९९६ चा 'फूझाओ'. या शब्दाला मला मराठीत 'चुळबुळ' हा शब्द सुचतो. कुठे मन लागत नाही, बसवत नाही, तशी अवस्था. सिनेपॉलीबरोबरचा करार संपत आला होता, द्यायचं होतं ते सगळं देऊन झालं होतं. या अल्बममधल्या बहुतेक चाली फेच्या स्वतःच्या आहेत. एक-दोन ठिकाणी तर शब्द जवळजवळ नाहीतच, नुसता आवाज. आणि दोन गाणी कुणी दिली? ज्यांच्या चाली तिनं दोन वर्षांपूर्वी उसन्या घेतल्या होत्या, त्याच कॉक्टो ट्विन्सनी, खास तिच्यासाठी!

खप कमी झाला. 'दुखावलेली बाई' ऐकायला आलेल्यांना हे काय चाललंय ते कळेना. मी खरं सांगते, पहिल्यांदा ऐकताना मलाही ते जड गेलं आणि आजही त्यातली एक-दोन गाणी मी पुढे ढकलते. अल्बम निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. पण उसन्या चालींची गाणी ऐकल्यावर हा ऐका, म्हणजे सात वर्षांत ही बाई कुठून कुठे आली ते कळेल. वाद्यं गजबज करत नाहीत, रडारड नाही, कुणाला काही पटवून द्यायचं नाही. ती आपल्याच नादात आहे. आज तिच्या चांगल्या अल्बमची चर्चा निघते तेव्हा 'फूझाओ'चं नाव हमखास येतं. पण हे नंतर. त्या वर्षी तिला खपाचे कमी आकडेच पाहावे लागले असणार.

पुढचं सगळं सुखाचं झालं असं नाही. दोउ वेइशी लग्न झालं, मुलगी झाली, १९९९ मध्ये घटस्फोट झाला. २००० साली 'बोधकथा' नावाचा अल्बम आला. त्याची पहिली पाच गाणी तिनंच बांधलेली, एका कथेसारखी एकात एक गुंफलेली. २००३ चा 'प्रेमासाठी' हा तिचा शेवटचा पूर्ण स्टुडिओ अल्बम. दुसऱ्या लग्नानंतर २००६ मध्ये झालेल्या मुलीचा ओठ जन्मतः दुभंगलेला होता. आपल्याकडे अजूनही अशा बाळाच्या आईला विचारतात, "ग्रहणात काही चिरलंस का?" मी स्वतः अशा आईला तोंड लपवून बसलेलं पाहिलंय. फे आणि तिचे तेव्हाचे पती ली यापेंग यांनी त्याच वर्षी अशा मुलांच्या शस्त्रक्रियांसाठी निधी उभा केला. पुढे २०१३ मध्ये ते दोघं वेगळे झाले, पण निधीतून हजारो मुलांचे ओठ शिवले गेले.

२०२५ च्या जानेवारीत, चिनी नववर्षाच्या आदल्या रात्री, पंचावन्न वर्षांची फे तिथल्या सरकारी टीव्हीच्या मोठ्या कार्यक्रमात गायली. गाऊन झाल्यावर फार बोलली नाही.

यूट्यूबवर तिची बरीच गाणी मिळतात. 'सहज दुखावली जाणारी बाई' आधी ऐका, ती लगेच आवडेल. 'फूझाओ' मात्र दुपारी सगळं आवरल्यावर, कानाला हेडफोन लावून ऐका. कुकरच्या शिट्ट्यांत त्यातलं काहीही ऐकू येत नाही.