तीन चेक, एक घोळ

सावंतवाडीहून बांद्याकडे निघालात की महामार्गावर इन्सुलीचा चेकनाका लागतो. गोव्यातून येणाऱ्या गाड्या तिथे थांबवून तपासतात. आता जरा विचार करा. नाक्यावर होतो तो चेक. बँकेत टाकतो तोही चेक. आणि युरोपात एक देश आहे, तोही चेक! देवनागरीत तिन्ही सारखे, इंग्रजीत तिघांची स्पेलिंग वेगळी. आपला सगळा घोळ इथेच होतो, दोस्तांनो.

मराठी आपण बऱ्यापैकी बोलतो तशी लिहितो. इंग्रजीचं तसं नाही. विल्यम कॅक्स्टनने १४७६च्या सुमारास इंग्लंडमध्ये पहिला छापखाना काढला. छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू पक्कं होत गेलं, उच्चार मात्र बदलत राहिले. 'नाइफ'मधला 'के' एकेकाळी खरंच उच्चारला जायचा. आता तो नुसता पुढे उभा असतो. म्हणजे स्पेलिंग चुकलं म्हणून कुणी 'ढ' ठरत नाही.

पण चूक महागात पडू शकते, हेही खरं. आपल्याकडची कितीतरी पोरं नोकरीसाठी गोव्याकडे बघतात. हॉटेल असो, कंपनी असो की मोपाचा विमानतळ, अर्ज इंग्रजीतच. वाटतं, फोन सुधारून देईल. नाही देत! हरण्याच्या 'लूज'ला एक 'ओ', सैल असलेल्या 'लूज'ला दोन. दोन्ही शब्द डिक्शनरीत आहेत, त्यामुळे बऱ्याचदा फोनची काहीच तक्रार नसते. उलट खिशातलं ड्रायव्हिंग लायसन काढून बघा. त्यावर शेवटी 'सी-ई' आहे. फोन अमेरिकन इंग्रजीवर असेल, तर याच बरोबर स्पेलिंगखाली लाल रेघ मारेल, कारण तिकडे 'एस-ई' चालतं. मग भरवसा कुणावर ठेवायचा?

माझं मत स्पष्ट आहे. सारख्या वाटणाऱ्या शब्दांच्या जोड्या पाठ करणं सोडा. जोडीने पाठ केले की ते जोडीनेच आठवतात, आणि पेपरात कुठला कोण तेच कळत नाही. त्यापेक्षा एकेका शब्दाचं घराणं विचारा.

रजेचा अर्ज 'प्रिन्सिपल'ना लिहितो. त्याचा मूळ अर्थ मुख्य. कॉलेजचे मुख्य तेच, कर्जातलं मुद्दलही तेच. दोघांच्या शेवटी 'पी-ए-एल'. तत्त्व म्हणायचं असेल तर 'पी-एल-ई'. वह्या-पेनांची 'स्टेशनरी' घ्या. जुन्या इंग्लंडमध्ये फिरत्या विक्रेत्यांपेक्षा वेगळा, एका जागी दुकान मांडून पुस्तकं विकणारा तो स्टेशनर. बेकरची बेकरी, तशी स्टेशनरची स्टेशनरी, दोन्हीकडे 'ई-आर-वाय'. एका जागी स्थिर या अर्थाच्या शब्दात मात्र 'ए-आर-वाय'.

आणि नाक्यावरचा चेक? तो फारसीतल्या 'शाह'पासून निघाला, बुद्धिबळातून युरोपात गेला. आपला 'शह' त्याचाच भाऊ. बँकेचा चेकसुद्धा त्याच घराण्यातला, फक्त त्याच्या शेवटी 'क्यू-यू-ई' आली. आता हे दोघे परके वाटतात का?

शेवटचं. ग्रुपवर कुणाचं स्पेलिंग चुकलं की लगेच सुरू होतं, "मेल्या, तुका साधा स्पेलिंग येना नाय?" अशाने मराठी माध्यमातून आलेला पोरगा पुढच्या वेळी लिहितच नाही. मग सुधारणार कसा? हसणाऱ्यांनी आधी आपलं मराठी तपासावं. 'महाराष्ट्र दिन'मधला 'दि' दीर्घ काढला, तर अख्खा महाराष्ट्र गरीब होतो, आणि असे शुभेच्छांचे मेसेज आपण बिनधास्त फॉरवर्ड करतो. मित्राची चूक दिसली तर त्याला वेगळा मेसेज करा, शब्दाचा अर्थ सांगा. अर्ज पाठवण्याआधी एकमेकांचे अर्ज वाचा. दुसऱ्याच्या डोळ्यांना दिसतं ते फोनला दिसत नाही.